पहिल्या सत्राची वही

बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या की बार्शी, जालना, इचलकरंजी यांसारख्या व्यापारी गावांतील घराघरांत एकच लगबग दिसते. गादी, पेटी, खाकऱ्यांचे डबे, नवा मोबाईल. मुलाला वा मुलीला पुण्या-मुंबईच्या खोलीवर पोचवून आईवडील रात्रीतून परततात आणि सकाळी नेहमीप्रमाणे दुकान उघडते. सामानाची यादी सहसा चुकत नाही. चुकते ते निराळेच. ज्या घरात रोजमेळ लिहिल्याशिवाय पेढी बंद होत नाही, त्याच घरातले अपत्य पहिल्या सत्रात पैशाचा, वेळेचा आणि अडचणींचा हिशेब कुणालाच देत नाही. तो त्याच्याकडे कधी मागितलेला नसतो, किंवा मागितला जातो तो रागे भरण्याच्या सुरात.

पैशापासून आरंभ करणे सोपे. गरज पडेल तेव्हा मोबाईलवरून रक्कम धाडण्याची पद्धत दोन्ही बाजूंना सोयीची वाटते, पण तीमुळे महिना म्हणजे काय हेच विद्यार्थ्याला कळत नाही. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम त्याच्या स्वतःच्या खात्यात जावी. खोलीभाडे, मेस, प्रवास, झेरॉक्स, किरकोळ असे पाच-सहा रकाने त्याने स्वतः लिहावेत. खोलीसाठी दिलेल्या अनामतीची पावती आणि भाडेकराराची प्रत त्याच्याच फायलीत असावी. एक धोका मात्र स्पष्ट शब्दांत सांगूनच त्याला निरोप द्यावा. ‘तुझे खाते काही दिवस वापरायला दे, टक्केवारी मिळेल’ असे सांगणारे लोक महाविद्यालयांच्या आसपास फिरतात. फसवणुकीचा पैसा अशा खात्यांतून फिरवला जातो, आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारी येतात. आपली सही दुसऱ्याच्या हुंडीवर करू नये, हे आजोबांनी ज्याला शिकवले आहे त्याला हे समजायला वेळ लागत नाही. पण सांगावे लागते.

कागदपत्रांच्या बाबतीत व्यापारी घरे दक्ष असतात, तरी एक नियम पुष्कळांना ठाऊक नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार कोणत्याही संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. प्रवेश रद्द करायचा झाल्यास, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी पूर्ण शुल्क (थोडे प्रक्रिया शुल्क वजा जाता), त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटल्यावर पहिल्या १५ दिवसांत ८० टक्के आणि ३० दिवसांपर्यंत ५० टक्के परत मिळते. पुढे काहीच नाही. आयोग काही वर्षी याहून उदार परिपत्रक काढतो. तेही पाहून घ्यावे. २०१४ साली जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला असल्याने शिष्यवृत्त्यांची चौकशीही पहिल्याच महिन्यात करावी.

अभ्यासाचे गणित आता पालकांच्या काळासारखे राहिलेले नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक असतात. गुणांचा मोठा भाग सत्र चालू असतानाच, लहान चाचण्या, प्रकल्प आणि सादरीकरणे यांतून मिळतो. परीक्षेच्या आधी महिनाभर रात्री जागून बारावी निभावणारा विद्यार्थी येथे फसतो. ऑगस्टमध्ये न दिलेली चाचणी डिसेंबरमध्ये भरून निघत नाही. शिवाय अनेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीची अट असते. नातेवाइकांचे लग्न, दुकानाचे उद्घाटन, चुलत भावाचा साखरपुडा यांसाठी दर पंधरा दिवसांनी मुलाला गावी बोलावणाऱ्या घराने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

जेवणाचा प्रश्न जुलैत जाणवत नाही. पुण्यात जूनअखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या आरंभी सहाच्या आसपास. प्रवेश घेताना संध्याकाळचे जेवण आरामात साधते. दिवाळीनंतर प्रात्यक्षिके साडेपाचला सुटतात आणि मेस साडेसातला उघडते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम ज्याला पाळायचा आहे, त्याने डबेवाल्याशी हिवाळ्याची वेळ आधीच ठरवावी, नाहीतर फळे-दूध यांची सोय खोलीवर ठेवावी. हीच अडचण ओळखून आधीच्या पिढ्यांनी बोर्डिंगे उभारली. कोल्हापूरचे जैन बोर्डिंग १९०१ चे, मुंबईचे महावीर जैन विद्यालय १९१५ चे. अशा वसतिगृहांचे अर्ज महाविद्यालयाच्या प्रवेशाहून स्वतंत्र असतात. निकालाची वाट न पाहता चौकशी करावी. जागा न मिळाल्यास आणि नियमात कुठे खंड पडल्यास त्याची चर्चा फोनवर आजीसमोर करू नये. अपराधी वाटणारे मूल पुढच्या वेळी खोटे सांगते.

येथेच खरी गोष्ट आहे. पहिल्या सत्रात एखादा विषय राहणे, एटीकेटी लागणे, नको त्या संगतीत चार महिने जाणे, शाखाच चुकल्याचे ध्यानात येणे, हे सारे पुष्कळांच्या वाट्याला येते. घर मोडते ते त्यामुळे नव्हे. पहिल्या सत्रातले अपयश तिसऱ्या सत्रापर्यंत लपवले जाते, तोवर शुल्क भरले जात राहते, आणि एके दिवशी महाविद्यालयाचे पत्र थेट पेढीवर येते. पेढीवर तोटा झाला तर तो त्याच संध्याकाळी नावे पडतो. मुनीम तो सहा महिने दडवून ठेवील तर त्याला कुणी शहाणा म्हणणार नाही. मुलाने मात्र दडवले, तर त्यामागे बहुधा एक जुना प्रसंग असतो: दहावीत चार गुण कमी पडले तेव्हा पाहुण्यांसमोर निघालेला शब्द. म्हणून निघण्यापूर्वी वडिलांनी एकदा शेजारी बसवून, उपदेश न करता, इतकेच सांगावे की वाईट बातमी त्याच दिवशी सांगितली तर आवाज चढणार नाही. आणि पहिली वाईट बातमी आली, की तो खरोखरच चढू देऊ नये. मूल त्या एकाच फोनवरून घराची परीक्षा घेते.

काही गोष्टी घरी सांगण्याइतके धैर्य तरीही होत नाही. रॅगिंगविरोधी नियम २००९ पासून लागू आहेत आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करता येते. मन खचत असेल, झोप उडाली असेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो. दोन्ही क्रमांक मोबाईलमध्ये आईनेच नोंदवून द्यावेत. मुलाला ते शोधावे लागू नयेत.

रोजच्या फोनवर ‘जेवलास का’ हे विचारले जातेच. आठवड्यातून एकदा, रविवारी दुकान बंद झाल्यावर, थोडा निवांत फोन करावा आणि या आठवड्यात काय जमले नाही, हे विचारावे. उत्तर यायला पहिले दोन-तीन रविवार लागतील. दिवाळीच्या सुट्टीत खर्चाची वही सोबत आणायला सांगावी. ती मागण्याआधी प्रवासातून आलेल्या मुलाला जेवू घालावे, झोपू द्यावे. तिच्यावर बसायला दुसरा दिवस पुरेसा असतो.