बांधापलीकडचं पाणी

आमच्या गावी, बीड जिल्ह्यात, बोअरची गाडी बहुधा रात्री येते. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची रिग, तिच्यामागे कॉम्प्रेसरचा ट्रक, आणि टपावर अंथरूण टाकून झोपलेली पोरं. कॉम्प्रेसर सुरू झाला की त्याची घरघर शिवारभर पसरते, दगडाच्या भुकटीचा पांढरा लोट उठतो आणि अंगणात बाजेवर पडलेला प्रत्येक जण मनातल्या मनात फूट मोजू लागतो. दोनशे झाले. तीनशे झाले. सकाळी पहिला प्रश्न ठरलेला : ‘लागलं का? किती इंची?’

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात अशी एक गाडी माझ्या चुलत्यांच्या, आप्पांच्या, बांधाला लागून उभी राहिली. शेजाऱ्याची मोसंबी वाळत चालली होती. आठ वर्षं लेकरासारखी वाढवलेली बाग डोळ्यांदेखत जाताना बघणं सोपं नसतं. सहाशे फुटांवर दोन इंची पाणी लागलं. शेजाऱ्याने पेढे वाटले. आप्पांनी पेढा खाल्ला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बाग वाचली याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

आप्पांची विहीर आठ परस खोल, माझ्या आजोबांनी सुरुंग लावून फोडलेली. होळीपर्यंत तिने कधी तळ दाखवला नव्हता. त्या हिवाळ्यात मात्र संक्रांतीलाच मोटर अर्ध्या तासात हवा ओढू लागली. हरभऱ्याला दुसरं पाणी मिळालं नाही. एका बोअरने हे सगळं केलं असं मी म्हणणार नाही. त्या दोन उन्हाळ्यांत आमच्या शिवारात तीसेक बोअर झाले होते. त्यातला प्रत्येक बोअर कुणाची तरी बाग, कुणाचं तरी कर्ज, कुणाच्या तरी लेकीचं लग्न डोळ्यांपुढे ठेवून घेतलेला होता. चुकीचं कुणीच वागलं नव्हतं, आणि तरीही विहिरी कोरड्या पडल्या.

आपल्या पायाखालचा खडक समजून घेतला की याचं कारण कळतं. महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास भूभागाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. या खडकाच्या पोटात पाणी फार मावत नाही. ते साठतं वरच्या मुरमात, झिजलेल्या थरांत आणि भेगांत. ही वरची ठेव दर पावसाळ्यात थोडीफार भरते आणि उथळ विहिरी तिच्यावरच जगतात. खोल बोअर हा वरचा थर खालच्या भेगांशी जोडून देतो. मग बांधाच्या या बाजूचं पाणी त्या बाजूने निघून जाऊ शकतं. बांध आपण सातबाऱ्यासाठी घातलेला आहे, पाण्याला तो दिसत नाही.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. व्यवहार दोघांत होतो आणि त्याची किंमत तिसराच भरतो. रिगवाल्याला पैसे मिळाले, बागायतदाराला पाणी मिळालं, दोघंही समाधानी. आप्पांचा हरभरा त्या हिशेबात कुठेच नव्हता. केंब्रिजच्या आर्थर पिगू यांनी १९२०च्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात हा विचार पद्धतशीर मांडला. त्यांचं एक उदाहरण रेल्वेचं आहे : इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी रुळांलगतची झाडी जळते, आणि ते नुकसान रेल्वे कंपनीच्या खर्चात धरलं जात नाही. पिगूंचं म्हणणं असं की, जो दुसऱ्याचं नुकसान करतो त्याच्यावर तेवढा कर बसवा आणि ज्याच्यामुळे दुसऱ्याचं भलं होतं त्याला मदत द्या. म्हणजे खरी किंमत ज्याची त्याच्या नजरेपुढे येईल.

या दुसऱ्या, भल्याच्या बाजूचा हिशेब आपल्याकडे फार पूर्वी मांडला गेला आहे. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या परिणामांची पाहणी केली आणि १९४८मध्ये तिचा अहवाल आला. पाणीपट्टीतून कालव्याचा खर्च निघतो का, एवढ्यावर तो थांबला नाही. पाण्याने शेतकऱ्याचा थेट फायदा किती झाला आणि त्यापलीकडे मजूर, व्यापारी, सगळा मुलूख यांचा अप्रत्यक्ष फायदा किती झाला, हेही त्यांनी मोजलं. माथ्यावर समतल चर खोदणारा शेतकरी असाच खालच्या दहा विहिरींना पाणी देत असतो. त्या दहांपैकी कुणीही त्याला एक रुपया देत नाही, म्हणून पुढच्या वर्षी त्याचे चर गाळाने बुजतात. नुकसान फुकट करता येतं तेव्हा ते वाढत जातं, आणि भल्याला मोबदला नसला की ते हळूहळू थांबतं.

आपला कायदा याकडे कसा पाहतो? १८८२चा सुविधाधिकार कायदा सांगतो की आपल्या जमिनीखालचं, ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारं पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. मोट आणि बैलांच्या काळात हे चालून गेलं. दोन बैल दिवसभर ओढून ओढून किती पाणी काढणार? निसर्गाची मर्यादा हाच तेव्हा कायदा होता. रिग आणि सबमर्सिबल पंप आले तेव्हा ती मर्यादा गेली आणि हक्क तेवढा जुनाच राहिला.

महाराष्ट्राने तो आवरायचा प्रयत्न केला आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेता येणार नाही, असं १९९३च्या कायद्याने ठरवलं. त्यानंतर २००९चा भूजल कायदा झाला आणि जून २०१४पासून लागू झाला. त्यात ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट, ही खोलीची रेघ आहे आणि आधीच्या खोल विहिरींवर उपकराची तरतूद आहे. म्हणजे पिगूंचा कर आपल्या कायद्यात शब्दरूपाने आहे. पण आमच्या शिवारात रात्री गाडी येते तेव्हा खोली कोण मोजतं? तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, सगळ्यांना आवाज ऐकू येतो. त्यांच्यापैकी कुणी शेतकऱ्याची वाळणारी बाग पाहून गाडी अडवावी, ही अपेक्षा कागदावरच सोपी आहे. लाखो विहिरींवर पहारा बसवणं कुठल्याही सरकारला जमणारं नाही.

त्याच वेळी सरकारचा दुसरा हात उलट्या दिशेने काम करतो. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारली गेली. पंप दोन तास चालवा की आठ तास, बिल तेवढंच. २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे. शेतकऱ्याला मदत मिळायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमचं घर त्याच मदतीवर तगलेलं आहे. प्रश्न आहे तो मदतीच्या वाटेचा. पाणी उपसण्यासाठी दिलेल्या मदतीने पाणी संपतं. लाईट आली की ऑटो स्टार्टर आपोआप मोटर चालू करतो. रान भिजलेलं असो वा कोरडं, माणूस झोपलेला असो वा जागा.

शेततळ्याचीही हीच गत झाली. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवावं म्हणून अनुदान आलं. ठिकठिकाणी त्याचं झालं असं की खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरला, हिवाळ्यात विहिरी आणि बोअरचं पाणी उपसून तो भरला, आणि जमिनीच्या पोटात सुरक्षित असलेलं पाणी उन्हात उघडं ठेवलं. ते आधी माझं झालं पाहिजे, नाहीतर शेजारी नेईल, ही भीती त्यामागे आहे. ज्या वस्तूला राखणदार नसतो तिच्याबाबत माणसं अशीच वागतात. तो त्यांच्या स्वभावाचा दोष मानू नये.

धोरण घाईने आखलं तर काय होतं ते पंजाबने पाहिलं आहे. तिथे २००९मध्ये कायदा झाला की ठरावीक तारखेआधी भाताची लावणी करायची नाही. हेतू चांगला होता, ऐन उन्हाळ्यातला उपसा वाचावा. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली, गव्हाच्या पेरणीला दिवस थोडे उरले आणि भाताचं काड जाळण्याची वेळ थंडीच्या तोंडावरच्या स्थिर हवेत येऊन पडली. दिल्लीवरच्या धुराची कारणं अनेक आहेत, त्यात या एका कारणाची भर पडली. पाणी वाचवायला गेलेल्या कायद्याने आपला भार लांबच्या लेकरांच्या छातीवर टाकला.

त्याच पंजाबने २०१८मध्ये वेगळी वाट धरून पाहिली. ‘पानी बचाओ, पैसा कमाओ’ या योजनेत शेतकऱ्याला विजेचा ठरलेला वाटा दिला आणि त्यातलं जे युनिट वापरलं नाही त्याचे चार रुपये त्याच्या खात्यात जमा केले. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था काढली आणि उरलेली वीज विकायला सुरुवात केली. या दोन्ही ठिकाणी शेतकऱ्याचं काहीच काढून घेतलं नाही. न उपसलेल्या पाण्याला किंमत आली, एवढंच झालं. आपल्याकडे आता शिवारोशिवार सौरपंप येत आहेत. ऊन असेपर्यंत फुकट चालणारा पंप आणि वीज विकत घेणारं कुणी नाही, अशी जोडी झाली तर उरलेसुरले झरेही आटतील. वीजखरेदीची सोय पंपासोबतच आली पाहिजे.

महाराष्ट्राजवळ आणखी एक वाट आहे आणि ती इथल्याच मातीतली आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता घरातल्या माणसांवर वाटायचं. भूमिहीनाचाही त्यात हिस्सा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. १८८२च्या कायद्याला इतकं स्पष्ट उत्तर त्याआधी कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही.

नगरजवळच्या हिवरे बाजारात पोपटराव पवार १९८९मध्ये सरपंच झाले. गावाने शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, ऊस आणि केळीला नकार दिला, पर्जन्यमापक बसवले. दरवर्षी पाऊस किती पडला, पिण्याला किती, जनावरांना किती, शेतीला किती, हा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो. पाऊस कमी असेल तर रब्बीत काय पेरायचं आणि काय नाही, हे गाव मिळून ठरवतं. तिथे पहारा लागत नाही, कारण आकडा प्रत्येकाने पाहिलेला असतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच प्रश्नावरच्या कामासाठी. त्यांचा पीएचडीचा विषयही भूजलच होता. लॉस एंजेलिसजवळ उपसा इतका वाढला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत शिरू लागलं, आणि तिथले पाणी उपसणारे एकत्र बसून मर्यादा ठरवू लागले. लोक आपली सामाईक संपत्ती राखू शकतात, मात्र त्यांना एकमेकांचा वापर दिसला पाहिजे आणि नियम त्यांनी स्वतः केलेले असले पाहिजेत, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवलं.

म्हणून सरकारकडे माझं मागणं साधं आहे. गावाच्या ठरावाला कायद्याचं बळ द्या. प्रत्येक गावात निरीक्षण विहिरीची पाणीपातळी चावडीवर लिहा. विजेची मदत बंद करू नका, ती शेतकऱ्याच्या खात्यात द्या आणि वाचवलेल्या युनिटचे पैसे त्यालाच ठेवू द्या. माथ्यावर चर राखणाऱ्याला दरवर्षी मजुरी द्या. आणि उसाला जशी हमखास किंमत आहे तशी ज्वारी, हरभरा, तूर यांची हमखास खरेदी करा. खात्रीचा भाव असलेलं पीक सोडून दे, असं कोरडवाहू शेतकऱ्याला सांगण्याचा अधिकार त्याशिवाय आपल्याला मिळत नाही.

हे टाळलं तर किंमत कोण भरतं तेही आपण पाहिलं आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मांजरा धरण आटलं होतं, आणि अशा वेळी आधाराला यावं असं जमिनीखालचं पाणी आधीच उपसलं गेलं होतं. तेव्हा कळशी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईने कधी उसाला पाणी दिलं नव्हतं, आणि बोअरही घेतला नव्हता.

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा आप्पा विहिरीच्या काठावर बसून दोराला दगड बांधत होते. दोरावर हात-हाताच्या अंतराने गाठी मारलेल्या. दर अमावस्येला पाणी किती हात खाली गेलं ते ते वहीत लिहून ठेवतात. शेजाऱ्याचा बोअरही आता दोन इंचीवरून अर्ध्या इंचीवर आला आहे. त्याने पुन्हा रिगवाल्याला फोन केला होता, नऊशे फुटांसाठी. आप्पा त्याच्या घरी गेले. भांडायला गेले नव्हते, वही दाखवायला गेले होते. बराच वेळ दोघं ओसरीवर बसून होते, असं काकूने सांगितलं. गाडी अजून आलेली नाही. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आप्पा ती वही घेऊन जाणार आहेत, आणि आपल्या बोअरचा आकडा मीही आणतो, असं शेजारी म्हणाला आहे.