गाडीची बॅटरी आणि रात्रीची थंडी



डिसेंबर लागला की सावेडीत आमच्याकडे गाडीची बोलणी सुरू होतात. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, एक जानेवारीला भीमा कोरेगाव, आणि ज्यांना रजा मिळते त्यांची बुद्धगया-सारनाथची यात्रा. कोण येणार, वर्गणी किती, भाकऱ्या कोणाच्या घरच्या, सारे ठरते. पण रात्री गाडीत झोपणाऱ्यांना ऊब कशाची द्यायची आणि गाडीच्या बॅटरीवर किती भार टाकायचा, हे कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

मागे एका वर्षी एकतीस डिसेंबरला आम्ही बारा माणसे टेंपो ट्रॅव्हलर करून कोरेगावला निघालो. नगरहून अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा तो विजयस्तंभ, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले, तेव्हापासूनची आपली वाट. गर्दीमुळे गाडी लांब वाहनतळावर लावावी लागते, म्हणून आदल्या रात्रीच पोहोचून गाडीतच झोपायचे ठरविले. बरोबर तीन लेकरे होती आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या एक आजी.

इंजिन बंद होते. भीमगीते मात्र चालू होती. आतले दिवे चालू, आणि एकामागून एक मोबाईल चार्जिंगला. एका ताईने आजींच्या गुडघ्यांसाठी विजेवर तापणारी गादी आणली होती, ती लहान इन्व्हर्टर लावून बॅटरीवर जोडली. मध्यरात्रीनंतर इन्व्हर्टर शिट्ट्या मारू लागला. झोपमोड होते म्हणून आमच्यापैकीच एकाने त्याच्यावर घोंगडी टाकली! थोड्या वेळाने तो आपोआप बंद पडला आणि गादी गार झाली.

मग थंडी बोचू लागली. बाहेर कोणी शेकोटी केली होती, तेथून घमेल्यात निखारे आणून आम्ही गाडीत ठेवले आणि काचा लावून घेतल्या. ऊब छान वाटली. तासाभराने धाकटा मुलगा उठून ओकला. त्याची बहीण डोके धरून रडू लागली. आजींनी उमेदीच्या काळात वीटभट्टीवर काम केलेले. त्यांनी आधी काच सरकवली आणि ओरडल्या, "अरे भाऊ, लेकरं मारता का? काढा ते घमेलं बाहेर!"

मुलांना दवाखान्यात न्यावे म्हणून चालकदादाने किल्ली फिरवली, तर नुसते टक-टक. बॅटरी उतरली होती. शेवटी शेवगावकडच्या एका जीपवाल्याने आपल्या बॅटरीवरून वायर जोडून दिली, तेव्हा गाडी चालू झाली. मोकळ्या हवेत मुलांना तोवर बरे वाटू लागले होते, डॉक्टरांनीही तपासून सोडले. पण त्या अर्ध्या तासात त्या मुलांच्या आईचा चेहरा आम्ही पाहिला आहे.

निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून आपल्याला ते निर्धोक वाटतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवितो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि झोपेतच माणूस जातो. बंद गाडीत शेगडी, निखारे, गॅसची चूल, काहीही पेटवू नये. इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपणेही तितकेच वाईट.

आता बॅटरीचा हिशेब. बॅटरीच्या अंगावर लिहिलेले असते, समजा १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. गुणाकार केला की १२०० वॅट-अवर, म्हणजे घरच्या मीटरवरचे सव्वा युनिटही नाही. हे झाले पासबुकातले आकडे. सगळी शिल्लक काढता येत नाही. गाडीची बॅटरी क्षणभर जोराचा दाब देऊन इंजिन फिरविण्यासाठी केलेली असते. तिच्या पट्ट्या पातळ असतात, पुन्हा पुन्हा रिकामी केली की ती कायमची बसते. शिवाय थंडीत दोन्हीकडून मार. बॅटरीची ताकद कमी होते (शून्य अंशाला सुमारे पाचवा हिस्सा जातो) आणि इंजिनातले ऑईल घट्ट झाल्याने सेल्फला जोर जास्त लागतो. म्हणून शंभरातले पंचवीसच आपले समजावे, बाकीचे सकाळच्या किल्लीसाठी.

या पंचविसात काय बसते? पाच वॅटचे दोन एलईडी दिवे रात्रभर लावले तर सहा-सात जातात. एक मोबाईल पूर्ण भरायला साधारण दोन. बारा माणसांचे बारा मोबाईल म्हणजे चोवीस, झाली शिल्लक संपली! आम्हाला गाण्यांचा संशय होता, पण मोबाईलही तेवढेच खातात. साठ वॅटची गादी इन्व्हर्टरवर ताशी पाच-सहा घेते, सहा तासांत तीस-पस्तीस. आणि हजार वॅटचा हिटर? तो ताशी नव्वदच्या वर मागतो. तो लावायचा विचारसुद्धा करू नये.

इंजिन अर्धा तास चालू ठेवले की भरून निघेल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. उभ्या गाडीत बॅटरी फार सावकाश भरते, रात्रभराची तूट काढायला काही तासांचा प्रवास लागतो. चालत्या गाडीचा हिटर मात्र खुशाल वापरावा, तो इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालतो.

मग ऊब आणायची कोठून? एक किलो गॅसमध्ये अशा दहा बॅटऱ्यांइतकी उष्णता असते. तेव्हा चूल गाडीबाहेर पेटवावी आणि ऊब पाण्यात भरून आत न्यावी. दोन लिटरची रबरी पिशवी रात्रभरात बॅटरीच्या सहा अँपिअर-अवरइतकी उष्णता देते. पाच पिशव्या म्हणजे एका गादीची रात्र. पिशवी नसेल तर स्टीलची बाटली, पण फडक्यात गुंडाळून. पाणी उकळते नको, आणि मधुमेह असलेल्यांच्या पायाशी तर जपूनच. त्यांना चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतो.

दुसरी गोष्ट आपल्या घरातलीच आहे, गोधडी. आपण सगळी पांघरुणे अंगावर घेतो, पण थंडी खालच्या पत्र्यातून येते. खाली पोते, त्यावर जुनी वर्तमानपत्रे, त्यावर वाकळ, आणि मगच वर एक. माणसाचे अंगही ऊब देतेच. झोपलेला माणूस सत्तर-ऐंशी वॅट देतो, म्हणजे बारा माणसांची मिळून जवळजवळ एका हिटरची. काच दोन बोटे उघडी ठेवली तरी ती पुरते.

यंदा जानेवारीत आम्ही बुद्धगयेला निघणार आहोत. तिकडे धुके आणि थंडी आपल्यापेक्षा कडक. आम्ही दिवे-मोबाईलसाठी वेगळी बॅटरी घ्यायचे ठरविले आहे. घरच्या इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर स्वस्त पडते, पण पन्नास किलोच्या वर वजन, आणि चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. माणसे झोपतात तेथे ती नको. लिथियमची हलकी असते, बरीचशी रिकामी करता येते, पण महाग. आमचे मत भाड्याने मिळाली तर लिथियम, नाहीतर नुसत्या हातबत्त्या. एक लहान व्होल्टमीटर मात्र घेतलाच आहे, तो चार्जिंगच्या भोकात बसतो. गाडी थोडा वेळ उभी राहिल्यावर १२.६ दाखविले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४ ला सगळे बंद करायचे, गाणीही.

वीज हा आपल्याला परका विषय नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडेच विजेचे काम होते, आणि केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ साली त्याच खात्यातून उभे राहिले. आपल्या बैठकीत मात्र बॅटरीचा विषय निघाला की सगळे चालकाकडे पाहतात.

चालकावरून आठवले. कोरेगावहून परतल्यावर ती बॅटरी पुन्हा चार्ज धरेना. मालकाने नव्या बॅटरीचे पैसे चालकदादाच्या पगारातून कापले. तो आम्हाला काही बोलला नाही. आम्हाला महिन्याने कळले, तेव्हा वर्गणी काढून त्याच्या घरी नेऊन दिली. तो घेत नव्हता, त्याच्या बायकोने घेतली. ठीक केले तिने. गाडी ठरविताना रात्री बॅटरी कोण कशाला वापरणार हे मालकाशी आधीच बोलावे आणि कागदावर घ्यावे.

गयेच्या यादीत त्या आजींचेही नाव आहे. खिडकीजवळची जागा त्यांनी आत्ताच सांगून ठेवली आहे, आणि काच आपल्याच ताब्यात राहील असेही.