आत काय होणार, ते आधी सांगा

गेल्या शनिवारी बालगंधर्वला प्रयोगाला गेलो होतो. मध्यंतरात बटाटेवडा आणि चहा घेऊन बाहेर उभे होतो (दोन्ही कोमट, पण घ्यायचेच, नाहीतर नाटक पाहिल्यासारखं वाटत नाही) आणि विषय निघाला तो ही वास्तू पाडून तिथे नवं संकुल बांधण्याचा. २०१८ पासून पुण्यात हा विषय अधूनमधून वर येतो, गाजतो आणि पुन्हा खाली बसतो. आमच्यातला एक मित्र, पेशाने प्रॉडक्ट मॅनेजर, एकदम जोशात आला.

"अरे पाडा की बिनधास्त! शहराच्या मध्यावर एवढी मोक्याची जागा आहे. जगात नाव होईल असं काहीतरी बांधा. सिडनीचं ऑपेरा हाऊस बघ. चौदापट खर्च झाला, दहा वर्षं उशीर झाला. आज कोणाला आठवतंय? सगळे फोटोच काढतात ना?"

तेवढ्यात घंटा झाली म्हणून वाचला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. "आज कोणाला आठवतंय?" हे वाक्य मी प्रत्येक फसलेल्या प्रोजेक्टच्या सुरुवातीला कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलंय. एस्टिमेट चुकलं तरी चालेल, घाई करा, शेवटी दिसायला भारी झालं की सगळं माफ. आणि साक्षीला उभं करायचं ते सिडनीला. तर मंडळी, आज जरा या साक्षीदाराचीच उलटतपासणी घेऊ.

१९५७ साली यॉर्न उट्झन नावाच्या ३८ वर्षांच्या डॅनिश वास्तुविशारदाने ही स्पर्धा जिंकली. अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा (तेव्हाचे ३५ लाख पौंड) आणि पूर्ण व्हायचं होतं १९६३च्या जानेवारीत. उघडलं ऑक्टोबर १९७३ मध्ये, खर्च १० कोटी २० लाख डॉलर. इथपर्यंत माझ्या मित्राचं पाठांतर बरोबर आहे. गोची पुढे आहे.

खोदकाम सुरू झालं मार्च १९५९ मध्ये. का? तर राज्याचे प्रमुख जो केहिल यांना भीती होती की आज सुरू केलं नाही तर उद्या पाठिंबा राहील न राहील. त्याच महिन्यात निवडणूकही होती. आता गंमत बघा, तेव्हा छपराची भूमितीच ठरलेली नव्हती! त्या प्रसिद्ध शिंपल्या नेमक्या कुठल्या आकाराच्या आणि बांधायच्या कशा, याचं उत्तर सापडलं १९६१ मध्ये. तोपर्यंत खालचा चौथरा बराच वर आला होता. मग लक्षात आलं की खालचे खांब वरचं वजन पेलणार नाहीत. ते पुन्हा करावे लागले. डिझाईन मंजूर व्हायच्या आधीच कोडिंग सुरू करणाऱ्यांनी ही गोष्ट आपल्या डेस्कवर लावून ठेवावी. (मी स्वतः एकदा हे पाप केलंय. सगळा डेटाबेस चार महिन्यांनी पुन्हा रचला होता.)

पण खरी शोकांतिका छपराची नाहीच. ती आतल्या सभागृहांची आहे.

मागणी अशी होती की मोठ्या सभागृहात सिंफनीच्या मैफली व्हाव्यात आणि ऑपेराही व्हावा, वर खुर्च्या ३०००च्या पुढे हव्यात. आता सिंफनीला आवाज दोनेक सेकंद घुमत राहिलेला लागतो. ऑपेरात शब्द कळायला हवेत, म्हणून तो लवकर विरावा लागतो. शिवाय ऑपेराला पडद्यामागे अवाढव्य रंगमंच लागतो, उंच जागा लागते, यंत्रं लागतात. म्हणजे एकाच खोलीकडून दोन उलट्या गोष्टी मागितल्या होत्या. हे भांडण कागदावर मिटवायचं असतं. सिडनीत ते बांधकाम चालू असताना मिटलं.

१९६५ मध्ये सरकार बदललं. नवे बांधकाम मंत्री डेव्हिस ह्यूज आणि उट्झन यांचं पैशांवरून आणि अधिकारांवरून फाटलं. १९६६च्या फेब्रुवारीत उट्झनने काम सोडलं, देश सोडला. पूर्ण झालेली आपली इमारत डोळ्यांनी न पाहताच २००८ मध्ये तो गेला. त्याच्यामागे मोठं सभागृह फक्त मैफलींसाठी ठेवायचं ठरलं. तिथे बसवलेली रंगमंचाची यंत्रसामग्री काढून टाकली. आणि ऑपेरा? त्याची रवानगी शेजारच्या छोट्या सभागृहात झाली, सुमारे १५०० खुर्च्यांच्या. बाजूला जागा नाही, वादकांचा पिट अरुंद आणि अर्धा रंगमंचाखाली. तिथल्या वादकांच्या कानांची काळजी करावी लागते इतका दाटीवाटीचा.

म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध ऑपेरा हाऊसमध्ये जे नीट मावत नाही, ते म्हणजे ऑपेरा! आणि मोठं सभागृहही काही आदर्श निघालं नाही. त्याचा आवाज सुधारण्यासाठी २०२० ते २०२२ ते बंद ठेवावं लागलं.

"आज कोणाला आठवतंय?" त्या पिटमध्ये बसणाऱ्या प्रत्येक व्हायोलिनवाल्याला आठवतंय. रोज संध्याकाळी.

तुम्ही म्हणाल, पण इमारत सुंदर आहे की नाही? आहे. युनेस्कोने २००७ मध्ये तिला जागतिक वारसा म्हटलं ते उगीच नाही. बराचसा पैसा लॉटरीतून उभा राहिला हेही खरं. पण ती सुंदर आहे ती उट्झनच्या प्रतिभेमुळे. घाई आणि गोंधळ यांचं त्यात काही कर्तृत्व नाही. गोंधळ आपण शंभर टक्के उचलू शकतो, उट्झन मिळेलच याची हमी कोण देणार?

आणि ही फक्त जुन्या काळातली भानगड नाही. हांबुर्गच्या एल्बफिलहार्मोनी या मैफलींच्या सभागृहासाठी शहराचा वाटा सुरुवातीला ७ कोटी ७० लाख युरो सांगितला होता. २०१७च्या जानेवारीत ते उघडलं तेव्हा जनतेच्या खिशातून ७८ कोटी ९० लाख गेले होते. जर्मन लोक, बरं का! कारण तेच, आराखडे अर्धवट असताना कंत्राट दिलं.

उलट उदाहरण हवं असेल तर ऑस्लो बघा. तिथल्या संसदेने १९९९ मध्ये ठरवलं, २००८च्या एप्रिलमध्ये ऑपेरा हाऊस उघडलं. वेळेच्या आधी बांधून झालं आणि बजेटच्या आत. मुख्य सभागृह ऑपेरा आणि बॅले यांच्यासाठीच, १३६४ खुर्च्यांचं. तालमीच्या खोल्या, सेट आणि कपडे तयार करायच्या कार्यशाळा, सगळं त्याच छताखाली. आणि छतावर कुणीही फुकट चालत जाऊ शकतं. फोटोही छान येतात हो! म्हणजे "एकतर भव्य नाहीतर शिस्तीत" असं काही नसतं. ऑस्लोची आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांनी त्यासाठी बंदराची जुनी जागा घेतली. चालू असलेलं नाट्यगृह पाडलं नाही.

इथे मी परत पुण्यात येतो. बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालं. २६ जून १९६८ला ते उघडलं तेव्हा ते हयात नव्हते. पु.लं.सारखा नाटक जगलेला माणूस त्याच्या आखणीत होता. म्हणजे आत काय होणार हे माहीत असलेल्या माणसाला आधी विचारलं होतं. इतक्या वर्षांनंतरही तिथे प्रयोग होतात, याचं रहस्य मला तरी त्यातच दिसतं.

त्याला हात लावू नका असं मी म्हणत नाही. स्वच्छतागृहांपासून पार्किंगपर्यंत तक्रारी आहेत आणि खऱ्या आहेत. पण आमच्या धंद्यात त्याला बग म्हणतात, आणि बग सापडला म्हणून कोणी चालू सिस्टिम पुसून टाकत नाही. नवं बांधायचंच असेल तर रंगीत थ्रीडी चित्र दाखवण्याआधी साध्या प्रश्नांची लेखी उत्तरं द्या. खुर्च्या किती आणि तेवढ्याच का? शेवटच्या रांगेतून नटाचा चेहरा दिसणार का? सेटचा टेम्पो थेट रंगमंचाला लागणार का? संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला कुठे बसणार? माईक बंद पडला तर आवाज मागे पोचणार का? नाटकवाल्याला भाडं परवडणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बांधकाम चालू असेल तेवढी वर्षं हे प्रयोग जाणार कुठे? नवी सिस्टिम नीट चालायला लागेपर्यंत जुनी बंद करायची नाही, हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या महिन्यात शिकवतात.

हे सगळं मी मित्राला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "एवढं सगळं आधी ठरवत बसलो तर दोन वर्षं जातील रे."

जाऊ देत की. सिडनीची दहा गेली.