सम्राज्ञीच्या धक्क्याखाली

रिओ दि जानेरोच्या बंदरभागाचा ऑलिम्पिकसाठी कायापालट चालू असताना, 2011 साली, खोदकामात वालोंगोचा धक्का उघडा पडला. तो काळाच्या ओघात सहज मातीत गेलेला नव्हता. 1774 मध्ये व्हाइसरॉय लाव्रादियो याने गुलामांचा बाजार मध्यवस्तीतून हलवून वालोंगोला नेला, कारण जहाजातून उतरलेली उघडी, आजारी माणसे भर रस्त्यात दिसणे त्याला नको होते. 1811 मध्ये तिथे दगडी धक्का बांधायला घेतला. युनेस्कोने दिलेला अंदाज असा की वालोंगोमार्गे सुमारे 9 लाख आफ्रिकी माणसे आणली गेली. 1831 च्या कायद्याने हा व्यापार कागदोपत्री थांबला. चोरटी आयात मात्र पुढेही चालूच राहिली. मग 1843 मध्ये ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो याची वधू तेरेझा क्रिस्तिना इथे उतरणार म्हणून त्याच दगडांवर घडीव दगडांचा नवा थर चढवला आणि धक्क्याला सम्राज्ञीचे नाव दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी भराव पडला आणि दोन्ही थर गाडले गेले.

गुलाम आफ्रिकींना जिथे उतरवले त्या जागी स्मृतिफलक लावावा का, हा वाद घालताना ती जागा आज कोरी आहे असे आपण धरून चालतो. वालोंगोचा इतिहास पाहिला तर हे गृहीतच टिकत नाही. तिथे एका आगमनाची खूण पुसून दुसऱ्याची उमटवली होती. म्हणजे फलक न लावणे हा तटस्थपणा नव्हे, तो 1843 चा निर्णय कायम ठेवणे आहे. म्हणूनच फलक नेमक्या जागीच हवा. संग्रहालयात माणूस ठरवून जातो. बंदरावर तो दुसऱ्याच कामाला आलेला असतो, आणि फलक असतो तो त्याच्यासाठी. आपल्याकडेही, जुन्या गोव्यात, मांडवीकाठच्या व्हाइसरॉयच्या कमानीतून पर्यटक आत शिरतात. तिथूनच रुआ दिरैता हा मुख्य रस्ता निघत असे. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या डच प्रवासी लिन्शोटेनने याच रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन केले आहे, आणि त्यात इतर मालाबरोबर माणसेही विकली जात. मोझांबिकहून पोर्तुगीज जहाजांतूनही गुलाम आणले जात. कमान व्हाइसरॉयची आठवण उत्तम ठेवते.

यावर एक आक्षेप असा की आलेल्यांची नावेच ठाऊक नाहीत, मग फलकावर लिहायचे काय? जे ठाऊक आहे ते लिहावे, आणि ते थोडे नाही. व्हर्जिनियातल्या पॉइंट कम्फर्टला ऑगस्ट 1619 मध्ये ‘व्हाइट लायन’ हे जहाज लागले. त्यातून विसाहून थोडे अधिक आफ्रिकी उतरवल्याची नोंद तिथला वसाहतकार जॉन रॉल्फ याच्या पत्रात आहे. ते लुआंडाहून व्हेराक्रूझला निघालेल्या पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणले होते, हे पुढे संशोधकांनी कागदपत्रांतून जुळवले. कित्येक वर्षे हे आगमन जेम्सटाउनच्या नावावर सांगितले जाई. जहाज, बंदर, सौदा करणारे, तेव्हाचा कायदा एवढे नीट लिहिले तरी फलक बोलका होतो. आफ्रिकेतल्या राजांनी आणि दलालांनीही माणसे विकली, असे कोणी हिरिरीने सांगेलच. खरे आहे, तेही लिहावे. फलकाने आजच्या पिढीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही.

जास्त वजनदार आक्षेप पैशाचा आणि पोटाचा आहे: दगड जपून वंशजांच्या पदरात काय पडते? ब्राझीलने 1888 मध्ये गुलामगिरी रद्द केली, पण सुटलेल्यांना जमीन दिली नाही. फलक ती देऊ शकत नाही, हे कबूल. तरीही 1988 च्या संविधानात किलोंबो वस्त्यांना, म्हणजे पळालेल्या गुलामांच्या वस्त्यांच्या वारसांना, त्या कसत-राहत असलेल्या जमिनीची मालकी देण्याची तरतूद आली. वालोंगोजवळच्या पेद्रा दो सालच्या रहिवाशांनी आपल्या घरांसाठी तिचाच आधार घेतला. 2005 मध्ये त्यांना किलोंबो समुदाय म्हणून सरकारी मान्यता मिळाली. तेव्हा धक्का अजून डांबराखालीच होता. त्यांचा वाद एका धार्मिक संस्थेशी होता आणि दाव्याची मदार या बंदरात कोण उतरले, कोणी ओझी वाहिली, कोण इथेच राहिले यावर होती.