कोशचुश्कोचं मृत्युपत्र आणि जेफरसनचे वकील

इतिहासातल्या एखाद्या मोठ्या माणसाच्या गुलामांचा विषय काढला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘त्या काळी सगळेच तसे होते.’ मला या वाक्याचा राग येतो, कारण मला तादेउश कोशचुश्को आठवतो.

हा पोलंडचा सरदार. फार बडा नाही, पण जमीन होती आणि त्या जमिनीला बांधलेले भूदासही होते. 1776 साली अमेरिकेत जाऊन तो इंग्रजांविरुद्ध लढला. वेस्ट पॉइंटची तटबंदी त्याचीच. मायदेशी परतून 1794 मध्ये त्याने रशियाविरुद्ध उठाव केला. रात्सवावित्सेला त्याचे शेतकरी गवत कापायच्या विळ्यांची पाती लांब दांड्यांवर सरळ बसवून रशियन तोफांवर धावून गेले, आणि तोफा घेऊन आले. पुढच्याच महिन्यात त्याने जाहीरनामा काढून भूदासांना गाव सोडायची मोकळीक दिली, वेठ कमी केली. रद्द नाही केली, कमीच केली. तरी जमीनदार खवळले.

उठाव फसला, कैद झाली. सुटल्यावर तो पुन्हा अमेरिकेत गेला, तिथे जुना थकलेला पगार मिळाला. मे 1798 मध्ये निघताना त्याने मृत्युपत्र लिहून मित्राच्या, म्हणजे थॉमस जेफरसनच्या, हवाली केलं. मजकूर साधा: या पैशातून जेफरसनने गुलाम विकत घेऊन मुक्त करावेत, स्वतःचेसुद्धा, आणि त्यांना काही काम शिकवावं. म्हणजे मित्राला पदरचं काही घालायचं नव्हतं. उलट त्यालाच मोबदला मिळाला असता!

1817 मध्ये कोशचुश्को गेला. 1819 मध्ये जेफरसनने कोर्टात जाऊन ही जबाबदारी नाकारली.

त्याचे वकील आजही सांगतात, म्हातारा झाला होता, 76 वर्षांचा. त्याच साली, त्याच वयात, तो व्हर्जिनिया विद्यापीठ उभारत होता. दुसरा मुद्दा, कोशचुश्कोने नंतर आणखी मृत्युपत्रं केली, गुंता झाला. हे मात्र खरं. 1852 मध्ये सुप्रीम कोर्टाने पैसे त्याच्या नातेवाइकांना दिले. पण स्वतःचे गुलाम सोडायला जेफरसनला कुणाचं मृत्युपत्र कशाला हवं होतं? आणि कोशचुश्को त्याच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान. काळ तोच. 71 वर्षांच्या या म्हाताऱ्याने मरायच्या वर्षी आपल्या गावचे भूदास मुक्त करणारा कागद केला. उशिरा केला, पण केला.

जेफरसनने आपल्या मृत्युपत्रात मोजून पाच जणांना सोडलं. त्यात जोसेफ फॉसेट हा लोहार होता. 1827 मध्ये माँटिचेलोवर 130 गुलामांचा लिलाव पुकारला गेला. जोसेफची बायको ईडिथ, जिने जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना त्याचा स्वयंपाक केला होता, तिला आणि तिच्या मुलांना त्यात विकलं.