‘सॅबोटाज’ म्हणजे काय?

गाडी घसरली की चौकशी बसण्याआधीच एक इंग्रजी शब्द येऊन बसतो: सॅबोटाज. वर्तमानपत्रे त्याचे ‘घातपात’ करतात. मध्यंतरी एका कीमन बंधूला चार्जशीट मिळाले. सोबतच्या टिपणात हा शब्द होता. कागद घेऊन तो युनियन ऑफिसात आला आणि म्हणाला, “भाऊ, म्हणजे मी नेमकं काय केलं?”

आम्हाला अर्थ ठाऊक होता, मूळ ठाऊक नव्हते. मग शोधले.

शब्द फ्रेंच आहे. ‘साबो’ म्हणजे तिकडच्या गरिबांचे लाकडी पायताण. ते घालणारा खटखट करीत, अडखळत चालतो; त्यावरून ओबडधोबड काम करणे असा अर्थ आला. चिडलेल्या कामगारांनी यंत्रात पायताणे फेकली, ही कथा सभांतून रंगवून सांगितली जाते. आम्हीही सांगितली आहे. तिला पुरावा नाही.

१८९७ साली तुलूझच्या अधिवेशनात फ्रान्सच्या सीजीटी महासंघाने हा मार्ग स्वीकारला. एमिल पुजे हे त्याचे मोठे प्रचारक. ते दाखला देत ग्लासगोच्या गोदी कामगारांचा. १८८९ मध्ये तेथील संप फसला. मालकांनी शेतमजूर आणून काम उरकले होते आणि त्यांच्यावर ते खूष होते. त्या बिचाऱ्यांना माल धड उचलता येत नव्हता! सेक्रेटरीने आपल्या माणसांना सांगितले, कामावर जा आणि अगदी त्यांच्यासारखेच काम करा. पुजे सांगतात, थोड्याच दिवसांत वाढ मिळाली. म्हणजे मुळात हा शब्द रूळ उखडण्याचा नव्हे. कमी दाम, तसे काम, एवढाच. १९१० च्या फ्रेंच रेल्वे संपात सिग्नलच्या तारा कापल्या गेल्या, आणि त्याच सुमारास तो इंग्रजीत रुळला, तो हा भारी अर्थ घेऊन.

आपल्याकडे रेल्वे कायदा १९८९ चे कलम १५० आहे. रूळ काढणे, सैल करणे त्यात येते. शिक्षा जन्मठेपेपर्यंत, कोणाचा जीव घेण्याचा हेतू असेल आणि त्यात जीव गेला तर फाशीसुद्धा. पण हेतू किंवा जाणीव सिद्ध व्हावी लागते. सैल बोल्ट सापडला म्हणजे तो कुणी सैल केला असे होत नाही. २ जून २०२३ च्या बालासोर अपघातात २९० हून अधिक माणसे गेली. तेव्हाही आधी घातपाताचीच चर्चा झाली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालाने मात्र बोट ठेवले ते सिग्नल सर्किटच्या फेरबदलातील चुकांवर.

कीमन बंधूच्या लेखी उत्तरात आम्ही पहिलीच ओळ घातली: हेतूचा पुरावा कोणता, तो दाखवावा. अद्याप उत्तर आलेले नाही.