कपिलधारच्या यात्रेत हा चित्रपट का नको?

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीपुढे लोटणाऱ्या भाविकाला पायल कपाडिया यांचा ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ समजणारच नाही, असे महाराष्ट्रातील पुरोगामी रसिक मंडळी गृहीत धरून बसली आहेत. २०२१ साली कान महोत्सवात सर्वोत्तम माहितीपट ठरलेली ही प्रयोगशील कृती पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायट्यांपुरती राहिली, तरी त्यांना खंत नाही. या गृहीताच्या मुळाशी कष्टकऱ्यांविषयीची तुच्छता आहे. तिला अभिरुचीचे नाव दिले म्हणून ती लपत नाही.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावात आमदारांचे घर पेटले, बीड शहरातही जाळपोळ झाली. माजलगावच्या आगीला निमित्त झाली मोबाइलवरून फिरलेली एक ध्वनिफीत. आंदोलनामागे कोरडवाहू शेतीची दैना होती, हे कोणी नाकारू नये. परंतु फीत कधीची, तिचे मागचे-पुढचे किती गळले, हे विचारण्याची उसंत जमावाला नसते. आणि जातीची ओळख एकदा पेटली की शेजारीही शेजारी राहत नाही.

कपाडियांच्या चित्रपटातील प्रेमपत्रे कल्पित आहेत. ती लिहिणाऱ्या ‘एल’चा प्रियकर जातीपायी दुरावला आहे. पण पुण्याच्या चित्रपट संस्थेतील २०१५ चा १३९ दिवसांचा संप खरा, आणि जामिया मिलियाच्या वाचनालयातील कॅमेऱ्याने टिपलेली पोलिसांची लाठीही खरी. कल्पिताच्या आधाराने सत्य कसे सांगता येते, हे येथे दिसते. मोबाइलवरचा व्यवहार बहुधा उलटा असतो: चित्र खरे, मथळा खोटा. हा भेद ओळखण्याची गरज बीडच्या ऊसतोड कामगाराला अधिक, की महोत्सवाच्या पासधारकाला?

केंद्र सरकारने तर स्वतःविषयीचे खरे-खोटे स्वतःच ठरविण्याचा अधिकार २०२३ साली नियमांत लिहून घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. न्यायालयाने वाचविलेला हा विवेक वापरायचा तो लोकांनीच.

चित्रपट संथ आहे, बराचसा कृष्णधवल आहे, हिंदी-बंगालीत आहे. म्हणून काय झाले? मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ मराठी ओवीत आणले. लोकांना हे पेलणार नाही, असे म्हणणारे तेव्हाही असतीलच. रात्र-रात्र कीर्तनात बसणाऱ्याला दीड तासाच्या संथपणाची भीती कोणी दाखवू नये. मराठी निवेदकाची सोय करून येत्या कार्तिकीला मांजरसुंब्याहून येणाऱ्या वाटेवर पडदा बांधावा. समजला नाही, असे म्हणायचे असेल तर ते भाविकांनी म्हणावे.